धरण तळाला, विमान धावपट्टीवर: कृत्रिम पावसाच्या एका मोहिमेचा प्रकरण अभ्यास

प्रदेश, शहर आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागचे युक्तिवाद मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण अशी मोहीम कुठेही झाली तरी समितीच्या टेबलावर साधारण याच गोष्टी येतात.

पार्श्वभूमी

डोंगररांगेच्या पलीकडचं, पर्जन्यछायेतलं पठार. एक मध्यम आकाराचं धरण, त्यावर अवलंबून असलेलं एक शहर आणि आसपासची शेती. लागोपाठ दोन मोसम पाऊस कमी झाला होता. तिसऱ्या मोसमाची सुरुवातही कोरडी गेली, तेव्हा धरणात मृतसाठ्याच्या थोडंच वर पाणी उरलं होतं. शहराला दिवसाआड पाणी होतं, पुढे ते आणखी लांबणार हे दिसत होतं.

धरणाचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेने एक समिती नेमली. तिच्यात मुख्य अभियंता, लेखाधिकारी, बाहेरून बोलावलेली एक हवामानशास्त्रज्ञ आणि शेतकऱ्यांचा एक प्रतिनिधी होता. समितीपुढे ठेवलेला प्रश्न एका ओळीचा होता: कृत्रिम पाऊस पाडायचा का, आणि पाडला तर धरणात किती पाणी येईल?

नेमकी अडचण

पहिल्याच बैठकीत हवामानशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा दुसरा भाग बाजूला ठेवायला सांगितला. त्यांचं म्हणणं असं की किती पाणी येईल हे विचारण्याआधी किती ढग येतील हे विचारा. बीजनाने, म्हणजे ढगात बारीक कण सोडल्याने, ढग तयार होत नाही. असलेल्या ढगातलं पाणी खाली आणायला थोडी मदत होते, इतकंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. ढगातला एक थेंब साधारण दहा मायक्रॉन त्रिज्येचा असतो, पावसाचा थेंब एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पावसाचा एक थेंब बनायला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. हवेत धूळ-धूर जास्त असेल तर तेवढंच पाणी असंख्य बारीक कणांत वाटलं जातं, ते एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत आणि ढग न बरसताच विरून जातो. पठारावरचे बरेचसे ढग असेच होते. यावर दोन उपाय आहेत. ढगाचा वरचा भाग शून्याखाली गेला असेल आणि तिथे अजून न गोठलेलं पाणी असेल, तर सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडायचे. साधारण उणे पाच-सहा अंशांच्या खाली ते बर्फाच्या स्फटिकाला बी पुरवतात, स्फटिक आसपासची वाफ ओढून घेत वाढतात. शून्याच्या वरच असलेल्या उष्ण ढगात हा उपाय निरुपयोगी. तिथे ढगाच्या पायथ्याशी, वर चढणाऱ्या हवेत, कॅल्शियम क्लोराइडसारख्या पाणी शोषणाऱ्या क्षाराच्या नळकांड्या जाळायच्या. त्या कणांभोवती सुरुवातीपासूनच मोठे थेंब बनतात आणि टकरींना वेग येतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक व्हिन्सेंट शेफर यांनी १३ नोव्हेंबर १९४६ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये विमानातून एका ढगात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकला आणि त्याखाली हिमकण पडताना दिसले. त्याच सुमारास त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग सापडला. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लोटला. ढगाच्या आत बदल घडतो याबद्दल आज फारसा वाद नाही. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात झालेल्या प्रयोगात विमान ज्या नागमोडी रेषेत उडालं, त्याच नागमोडी रेषेत हिमकण तयार होत असल्याचं रडारवर स्पष्ट दिसलं. वाद आहे तो पुढच्या पायरीचा, म्हणजे संपूर्ण मोसमात, संपूर्ण पाणलोट क्षेत्रात, जमिनीवर पोहोचलेलं पाणी किती वाढलं याचा.

इथे समितीला तीन अनुभव सांगितले गेले आणि तिघांचा सूर वेगळा होता. अमेरिकेतल्याच वायोमिंग राज्यात हिवाळी ढगांवर अनेक वर्षं चाललेल्या प्रयोगात चिठ्ठी टाकून निवडलेल्या प्रसंगांची तुलना केली तेव्हा वाढ निघाली तीन टक्के, आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता २८ टक्के. इतर पुरावे आणि संगणकीय प्रारूपं जोडून अनुकूल वादळांत पाच ते पंधरा टक्के वाढ होत असावी असा अंदाज मांडला गेला. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकातल्या पहिल्या प्रयोगात १५ टक्क्यांच्या आसपास वाढ सांगितली गेली होती आणि पुढे अनेक दशकं उत्तर भागात नियमित बीजन चाललं. २०१३ ते २०२० मध्ये पुन्हा काटेकोर प्रयोग केला तेव्हा वाढ दोन टक्क्यांच्याही आत आली, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी, आणि तिथलं बीजन थांबवण्यात आलं. सोलापूर परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१७ ते २०१९ दरम्यान केलेल्या प्रयोगात २७६ ढग निवडून त्यातल्या काहींवर क्षारांच्या नळकांड्या वापरल्या आणि काही मुद्दाम सोडून दिले. काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत आणि १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस नोंदवला गेला.

मुख्य अभियंत्यांनी साहजिकच शेवटच्या आकड्याखाली रेघ मारली. हवामानशास्त्रज्ञांनी फळ्यावर दुसरंच गणित मांडलं. समजा मोसमातल्या एकूण पावसापैकी तिसरा हिस्सा बीजनयोग्य ढगांतून पडतो. विमान त्या सगळ्यांपर्यंत वेळेत पोहोचलं आणि प्रत्येकातून दहा टक्के जादा पाऊस मिळाला, तरी मोसमाची वाढ तीन टक्के. दोन वर्षं तापलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवणार, मग ओढे वाहणार. तीन टक्के पावसाचा धरणात उमटणारा आकडा आणखी वेगळा. ओल्या वर्षात ही तीन टक्क्यांची वाढ मोठ्या रकमेवर मिळते, दुष्काळात छोट्या रकमेवर. बैठकीत यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेतकरी प्रतिनिधींनी विचारलं, ‘‘म्हणजे गरज नसते तेव्हा हे जास्त चालतं, असंच ना?’’ माझ्या मते सगळ्या कागदपत्रांत नोंदलेला सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे.

तपासलेले पर्याय

बीजन न करता पाणीकपात वाढवणं आणि गळती शोधणं, दुसऱ्या खोऱ्यातून तात्पुरतं पाणी आणणं, भूजलावर भार टाकणं हे पर्याय चर्चेत आले आणि काही प्रमाणात ते सगळेच पुढे वापरले गेले. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

बीजनाच्या पद्धतींवर मात्र खल झाला. जमिनीवरून धूर सोडणारी यंत्रं स्वस्त पडतात, पण त्यासाठी वारा डोंगराला धडकून धूर वर नेईल अशी रचना आणि अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या, पाण्याचे ढग लागतात. पठारावर दोन्ही नव्हतं. एका पुरवठादाराने हवेत विद्युतभार सोडणारे मनोरे उभारून देण्याचा प्रस्ताव आणला होता. त्यात बिनढगाच्या आकाशातूनही पावसाची हमी होती. हवामानशास्त्रज्ञांनी चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मागितले, ते आले नाहीत, प्रस्ताव फाइलमध्ये राहिला. (जागतिक हवामान संघटनाही अशा आयनीकरण यंत्रांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगते.) उरला विमानाचा मार्ग: खालच्या उष्ण ढगांसाठी क्षारांच्या नळकांड्या, आणि ढग उंच वाढले तर सिल्व्हर आयोडाइड.

पैसे कशाचे द्यायचे यावर खरी खडाजंगी झाली. लेखाधिकाऱ्यांचा आग्रह होता की पाऊस पडला तरच पैसे. ऐकायला हे चोख वाटतं. हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा करारात वैमानिक आपोआप जे ढग तसेही बरसणार आहेत त्यांच्याच मागे जाईल, कारण बिल त्यावर निघेल. जो ढग काठावर आहे, जिथे बीजनाने खरोखर फरक पडू शकतो, तिकडे कोणी फिरकणार नाही. उलट टोक म्हणजे उड्डाणाच्या तासांवर पैसे. तसं केलं तर निरभ्र आकाशातही विमान घिरट्या घालत राहील. शेवटी सज्ज राहण्याचे ठरावीक पैसे, जाळलेल्या प्रत्येक नळकांडीची वेळ आणि जागेसह नोंद, आणि रडारची कच्ची माहिती रोजच्या रोज समितीकडे दिल्याशिवाय बिल नाही, अशी अट ठरली. पूर्ण प्रकरणातला हा निर्णय मला सर्वांत जमलेला वाटतो.

निर्णय

मोहीम घ्यायची ठरली. तांत्रिक कारणांपेक्षा ‘‘काहीच केलं नाही असं दिसू नये’’ या भावनेचा वाटा त्यात मोठा होता, हे इतिवृत्तातून लपत नाही. ते समजण्यासारखं आहे. पण मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही: फरक पडला की नाही हे कळणार कसं?

त्याचा मार्ग एकच. योग्य ढग सापडला की बीजन करायचं की नाही हे चिठ्ठीने ठरवायचं. विमानात सीलबंद पाकिटं ठेवायची, ढग निवडून झाल्यावर पाकीट फोडायचं, ‘नाही’ निघालं तर त्याच ढगाभोवती तितकाच वेळ उडायचं पण नळकांडी पेटवायची नाही. रडारवरून पाऊस मोजणाऱ्याला कोणत्या ढगात काय केलं हे कळू द्यायचं नाही. पावसाची नैसर्गिक चढउतारच इतकी मोठी असते की बीजन केलेल्या आणि न केलेल्या ढगांच्या अशा कित्येक जोड्या जमल्याशिवाय दहा टक्क्यांचा फरक त्यात दिसतच नाही.

शेतकरी प्रतिनिधींनी याला कडाडून विरोध केला. लोक पाण्यासाठी रांगा लावत असताना आलेला ढग चिठ्ठी काढून सोडून द्यायचा? मुख्य अभियंत्यांनाही ते पत्रकारांसमोर कसं सांगायचं हे कळेना. तोडगा निघाला तो असा: धरणाच्या थेट पाणलोट क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक योग्य ढगावर बीजन, आणि शेजारच्या पट्ट्यात चिठ्ठी. सगळ्यांनी मान डोलावली. दोन्ही हेतू थोडे थोडे साधणारी ही तडजोड पुढे दोन्हीकडून तोकडी पडली.

थांबण्याचे नियमही लिहून काढले. अतिवृष्टीचा इशारा असेल, खालच्या नदीची पातळी ठरावीक खुणेच्या वर असेल किंवा ढग आधीच जोरात बरसत असेल तर बीजन बंद. यामागे एक जुनी आठवण होती. ९ जून १९७२ रोजी अमेरिकेतल्या रॅपिड सिटीत महापूर आला, २३८ माणसं गेली. त्याच दिवशी त्या भागात बीजनाची उड्डाणं झाली होती. पूर त्यामुळे आला नाही असा निष्कर्ष निघाला, पण संशयाचं निराकरण करत बसावं लागलं ते लागलंच. एप्रिल २०२४ मध्ये दुबईत पाणी तुंबलं तेव्हाही पहिलं बोट बीजनाकडेच गेलं, वास्तविक तो पाऊस मोठ्या वादळी प्रणालीचा होता आणि तिचा अंदाज आधीच वर्तवला गेला होता.

प्रत्यक्ष मोहीम

निविदा, परवानग्या आणि रडारची जुळणी यांत मोसमाचा चांगला काळ निघून गेला. विमान आलं तेव्हा पठारावर कोरड्या हवेचा थर बसला होता. ढग यायचे, पण पातळ. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक किलोमीटरसुद्धा नाही. दुपारी तयार व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत पसरून जायचे. विमान धावपट्टीवर उभं. ‘‘ढग दिसतायत, मग उडत का नाही?’’ असे फोन यंत्रणेच्या कार्यालयात रोज येऊ लागले. एकदा वरून दबाव आला म्हणून विमान उडवलंही. वैमानिकाने ढगाखाली जाऊन वर चढणारी हवा शोधली. ती नव्हतीच. नळकांड्या न पेटवता विमान परत आलं आणि नोंदवहीत ‘चढता प्रवाह नाही’ एवढंच लिहिलं गेलं. वैमानिकाच्या या शिस्तीचं कौतुक करायला हवं, चार नळकांड्या जाळून छायाचित्र देणं सोपं होतं.

मग हवा पालटली आणि योग्य ढग येऊ लागले. या काळातला एक प्रसंग नोंदवहीत तपशिलाने आहे. शेजारच्या, म्हणजे चिठ्ठीच्या पट्ट्यात एक देखणा ढग वाढत होता. पायथा सपाट आणि काळसर, माथा फुलकोबीसारखा उसळलेला, खाली विमानाला वर उचलणारा ठाम प्रवाह. निकषांत तो पुरेपूर बसत होता. शास्त्रीय सहायकाने पाकीट फोडलं. ‘नाही’ निघालं. विमान ठरल्याप्रमाणे घिरट्या घालत राहिलं. अर्ध्या तासात ढग फुटला आणि खालच्या गावांत मोसमातला तोवरचा सर्वांत मोठा पाऊस झाला. गावकऱ्यांनी विमान पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘विमानाने आणला पाऊस’. स्थानिक पुढाऱ्यांनी आभाराचे फलक लावले.

समितीत यावर पुन्हा वाद झाला. खुलासा करावा असं हवामानशास्त्रज्ञांचं मत. पण खुलासा केला तर चिठ्ठीची गोष्ट उघड होणार आणि ‘आमचे ढग सोडून देता’ असा गदारोळ होणार. समिती गप्प राहिली.

काही दिवसांनी कमी दाबाचा पट्टा सरकला आणि सगळीकडेच मुसळधार लागली. थांबण्याच्या नियमाप्रमाणे विमान जमिनीवर राहिलं. धरण भरलं ते याच दिवसांत.

निष्पत्ती

मोसमाअखेर धरणात शहराला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल इतकं पाणी होतं. त्यातलं बहुतेक ज्या दिवसांत आलं त्या दिवसांत बीजन झालंच नव्हतं. पाणलोट क्षेत्रातल्या बीजन केलेल्या ढगांचं मोजमाप निरुपयोगी ठरलं, कारण तुलनेला न केलेले ढगच नव्हते. शेजारच्या पट्ट्यात बीजन केलेल्या ढगांतून सरासरीने जास्त पाऊस दिसला, पण जोड्या इतक्या थोड्या होत्या की अंदाजाच्या मर्यादांत शून्य वाढही बसत होती आणि घटसुद्धा. शिवाय त्या पट्ट्यात जमिनीवरचे पर्जन्यमापक विरळ होते. रडार थेंबांचा आकार वर्गापेक्षाही फार वरच्या घातात मोजतं, त्यामुळे थेंब मोठे झाले की पाणी तेवढंच असूनही पाऊस जास्त दिसू शकतो. आणि क्षाराच्या बीजनाचा उद्देशच थेंब मोठे करणं हा असतो. जमिनीवरच्या मापकांनी पडताळल्याशिवाय त्या सरासरीवर विसंबता येत नव्हतं.

समितीच्या अहवालात ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं. बाहेर मात्र मोहीम यशस्वी झाल्याचं सर्वमान्य झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं हे.

पूर्वेकडच्या प्रदेशातून लेखी तक्रारही आली. वारा तिकडे जातो, त्यांच्याकडे पाऊस कमी झाला, तुम्ही आमचे ढग अडवले. हवेच्या प्रवाहातल्या एकूण बाष्पापैकी अशा ढगांतून खाली येणारा भाग लहान असतो आणि बीजनाने होणारा बदल त्याचाही छोटा हिस्सा, त्यामुळे दूरचा पाऊस चोरला जातो याला भक्कम पुरावा नाही. हे उत्तर दिलं गेलं. पण ज्या यंत्रणेने आभाराचे फलक खपवून घेतले होते तिनेच ‘आम्ही हवेत फारसा बदल केलाच नाही’ असं सांगणं तक्रारदारांना पटलं नाही, यात नवल नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात विमानापासून करायला नको होती. रडार आणि दाट पर्जन्यमापक आधी बसवून एक मोसम नुसतं निरीक्षण केलं असतं, तर या पठारावर किती ढग एक किलोमीटरहून जाड असतात, त्यातले किती न बरसता विरतात आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी येतात हे कळलं असतं. ते थोडे निघाले असते तर मोहिमेचा प्रश्न तिथेच मिटला असता. दुष्काळ पडल्यावर असं थांबा म्हणणं कोणालाच शक्य नसतं, म्हणून हे काम चांगल्या पावसाच्या वर्षातच करावं लागतं.

चिठ्ठीबाबतची तडजोड टाळता आली असती का? मला वाटतं, हो. शेतकरी प्रतिनिधींचा विरोध प्रामाणिक होता, पण त्यांना दिलेलं उत्तर चुकीचं होतं. ‘शास्त्रासाठी काही ढग सोडावे लागतील’ हे उत्तर तहानलेल्याला पटत नाही. सोडलेल्या ढगामागे आपण किती पाणी घालवतो, तेही खरोखर घालवतो की नाही, हे फळ्यावरच्या त्याच तीन टक्क्यांच्या गणिताने दाखवता आलं असतं. त्यांना सीलबंद पाकिटं तयार करण्याच्या कामात साक्षीदार म्हणून बसवता आलं असतं. मोहिमेआधीच चिठ्ठीची पद्धत जाहीर केली असती तर ‘नाही’ निघालेल्या त्या पावसाची बातमी दडवायची वेळच आली नसती. उलट न केलेल्या ढगातूनही धो धो पाऊस पडतो हे लोकांना समजावण्याची ती सर्वांत चांगली संधी होती.

वर्षभराने समिती पुन्हा बसली. विमानाचं कंत्राट वाढवलं नाही. त्याच रकमेतून पर्जन्यमापकांचं जाळं, रडारची देखभाल आणि शहरातल्या जलवाहिन्यांची गळती दुरुस्ती घेतली. बीजन पूर्ण नाकारलेलं नाही. दोन मोसमांच्या निरीक्षणात पुरेसे योग्य ढग आढळले आणि संपूर्ण क्षेत्रात चिठ्ठी मान्य झाली तरच पुढची निविदा काढायची, असा ठराव आहे. पहिल्या मोसमाची मापं गोळा झाली आहेत. दुसऱ्या अटीवर शेतकरी प्रतिनिधींनी अजून सही केलेली नाही.